वाणी, देह आणि वृंद : जपानी रंगपरंपरा आणि पाश्चात्त्य अभिजात नाटक

जबलपूरसारख्या शहरात वाढलेल्या मराठी माणसाला नाटकाच्या दोन जाती लहानपणीच परिचित होतात. गढा-मंडल्याचा हा प्रदेश १८१७ पर्यंत मराठ्यांच्या अमलाखाली होता. तेव्हापासून येथे स्थिरावलेली आणि पुढे रेल्वे, तोफगाडीचा कारखाना व शाळा-महाविद्यालये यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे आपल्याबरोबर गणेशोत्सव आणि त्यातले नाटकही घेऊन आली. या नाटकात पात्रे एकमेकांशी बोलतात, आणि जे घडते ते त्या बोलण्यातून घडते. दुसरी जात रामलीलेची. गोविंदगंजची रामलीला शतकाहून अधिक जुनी आहे. उत्तर हिंदुस्थानातील रामलीलेची रीत अशी की, मानसातील चौपाई एका बाजूस बसलेले गायक म्हणतात आणि समोर उभी असलेली स्वरूपे तिचा आशय देहाने व मोजक्या शब्दांनी प्रकट करतात. गाणारा वेगळा, दिसणारा वेगळा; आणि तरीही प्रेक्षकाला दोन ठिकाणी दोन गोष्टी चालल्या आहेत असे क्षणभरही वाटत नाही.

या दोन जातींमधील अंतर केवळ शिष्ट आणि लोक, किंवा शहर आणि खेडे, यांतील अंतर नव्हे. नाटकात अर्थ कोठे वसतो, या प्रश्नाची ती दोन निरनिराळी उत्तरे आहेत. एका परभाषेतील अभिजात नाटक जेव्हा आपण आपल्या रंगभूमीवर आणतो, तेव्हा त्यातून काय आणतो, या प्रश्नाचा निकालही याच उत्तरावर अवलंबून असतो. मराठीने शेक्सपिअर आणला तो मुख्यतः शब्दांच्या वाटेने. जपानी रंगभूमीनेही आरंभी तेच केले. परंतु पुढे तिने दुसरी वाट धरली आणि शेक्सपिअर व ग्रीक शोकांतिका या दोहोंना आपल्या जुन्या रंगसंकेतांच्या वाटेने आत घेतले. त्या प्रयोगांचे मर्म कशात आहे, त्यांत काय साधले व काय गमावले, आणि आपणांस त्यातून काय घेण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम ज्या परंपरांविषयी बोलावयाचे त्यांची ओळख करून घेणे अवश्य आहे. जपानमध्ये तीन अभिजात नाट्यप्रकार आजही जिवंत आहेत : नो, बुनराकु आणि काबुकी. नो हा त्यांतील सर्वांत जुना. कानआमी (१३३३-१३८४) आणि त्याचा पुत्र झेआमी या दोघांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांत त्याला आजचे रूप दिले. झेआमी हा नट, नाटककार आणि नाट्यमीमांसक अशा तिन्ही नात्यांनी थोर होता. त्याचे ग्रंथ नटांच्या घराण्यांत गुप्त विद्या म्हणून जपले गेले आणि ते सर्वसामान्य वाचकांसमोर आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. भरताचे नाट्यशास्त्रही आधुनिक अभ्यासकांच्या हाती असेच उशिरा लागले, हे येथे सहज आठवते.

नोचा रंगमंच चौरस असून मागच्या भिंतीवर एक पाइन वृक्ष रंगविलेला असतो. याखेरीज नेपथ्य जवळजवळ नाहीच. डाव्या अंगाने एक लांब पूल रंगमंचाला येऊन मिळतो. त्याला हाशिगाकारी म्हणतात. मुख्य पात्र, म्हणजे शिते, बहुधा मुखवटा धारण करून या पुलावरून येते. ते ज्याला भेटते तो वाकी पुष्कळदा एखादा भ्रमंती करणारा भिक्षू असतो. एका बाजूस जिउताइ नावाचा गायकवृंद बसलेला असतो. तो कथेत भाग घेत नाही, पण शितेचे मनोगत, आणि कित्येकदा त्याचे प्रथमपुरुषी भाषणही, तोच गातो. झेआमीच्या अनेक नाटकांचा घाट असा : भिक्षू एका स्थळी येतो, तेथे एक सामान्य वाटणारा माणूस त्याला त्या स्थळाची जुनी कथा सांगतो व दिसेनासा होतो, उत्तरार्धात तोच आपल्या खऱ्या रूपात, मृतात्मा म्हणून, परत येतो आणि ज्या प्रसंगाने त्याला बांधून ठेवले आहे तो पुन्हा जगतो. घटना आधीच घडून गेलेली असते. रंगमंचावर घडते ते तिचे स्मरण.

बुनराकु हे बाहुल्यांचे नाट्य. एकेक प्रमुख बाहुली तीन माणसे चालवितात, आणि सर्व पात्रांचे बोलणे व निवेदन एकटा तायु शामिसेनच्या साथीवर करतो. काबुकीचा उगम ओकुनी नावाच्या नर्तकीने १६०३ च्या सुमारास क्योतो येथे केलेल्या नृत्यांत सांगितला जातो. १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंच बंद झाला आणि ओन्नागाता, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुषनट, ही एक स्वतंत्र कलाच निर्माण झाली. बालगंधर्वांना पाहिलेल्या महाराष्ट्राला या कलेचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. काबुकीत भावनेच्या ऐन शिखरावर नट एक रेखीव आविर्भाव घेऊन स्तब्ध होतो, त्याला मिए म्हणतात. आणि प्रेक्षागृहातून रंगमंचापर्यंत जाणाऱ्या मार्गाला हानामिची.

या तिन्हींत एक सूत्र समान आहे. येथे वाणी आणि देह यांची फारकत करता येते. एकाचे शब्द दुसरा उच्चारू शकतो आणि एकाचे दुःख दुसऱ्याच्या अंगात दिसू शकते. भरताच्या परिभाषेत हे सारे नाट्यधर्मी होय. चार पावलांत दूरचा प्रवास घडतो, हेही आपल्या परिक्रमेच्या आणि कक्ष्याविभागाच्या संकेताशी जुळणारे आहे.

३

जपान आणि महाराष्ट्र यांनी शेक्सपिअरला प्रथम कसे भेटावे, यात विलक्षण साम्य आहे. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ चा, आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे आणि देवलांचे 'झुंझारराव' १८९० चे. जपानमध्ये त्सुबोउची शोयो यांनी १८८४ मध्ये 'ज्यूलियस सीझर'चे भाषांतर केले ते बाहुलीनाट्याच्या निवेदनशैलीत. १८८५ मध्ये ओसाका येथे 'व्हेनिसच्या व्यापाऱ्या'ची कथा काबुकीच्या साजात रंगमंचावर आली. आणि १९०३ मध्ये ओतोजिरो कावाकामी यांनी 'ऑथेल्लो' केले, त्यात सायप्रसच्या जागी तैवान आले आणि मूर सेनापती जपानी झाला. नावे बदलावी, गावे बदलावी, चालीरीती बदलाव्या आणि कथा तीच ठेवावी, ही रीत दोन्हीकडे एकच होती.

त्यानंतर दोन्हीकडे वास्तवाचा आग्रह आला. तोक्योमध्ये १९२४ साली त्सुकिजी येथे छोटे नाट्यगृह उघडले. तेथे शिंगेकी, म्हणजे 'नवे नाटक', याचा पुरस्कार झाला आणि काबुकीची सारी आविर्भावप्रधान परंपरा नव्या नटाने विसरावी असे सांगितले गेले. मराठीत १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणून असाच एक उंबरठा ओलांडला. या दोन्ही चळवळींनी आपापल्या रंगभूमीवर मोठे उपकार केले, यात शंका नाही. परंतु त्यांनी एक समजही रुजविला : जुने संकेत हे जुन्या कथांपुरतेच खरे, आणि पाश्चात्त्य नाटक करावयाचे तर पाश्चात्त्य नटासारखे उभे राहावे, चालावे आणि बोलावे.

गंमत अशी की, याच काळात पश्चिमेतील काही श्रेष्ठ प्रतिभा नेमक्या उलट दिशेने चालल्या होत्या. यीट्स यांनी १९१६ मध्ये नोच्या धर्तीवर 'अ‍ॅट द हॉक्स वेल' लिहिले व त्यात मिचिओ इतो या जपानी नर्तकाने भूमिका केली. ब्रेश्ट यांचे १९३० चे 'होकार देणारा' हे संगीतनाट्य 'तानिको' या नो नाटकावरून, आर्थर वेली यांच्या इंग्रजी अनुवादाच्या द्वारे, सिद्ध झाले. जपानी नवनाट्य ज्याला जीर्ण समजून बाजूस सारीत होते, त्यात यीट्स आणि ब्रेश्ट यांना वास्तववादाच्या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट दिसत होती.

४

जपानमध्ये या वाटेचे पहिले थोर फळ नाटकात नव्हे, चित्रपटात दिसले. अकिरा कुरोसावा यांचा 'कुमोनोसु-जो', म्हणजे 'कोळिष्टकांचा गड', १९५७ चा. हा 'मॅकबेथ'च होय. पण त्यात शेक्सपिअरची एकही ओळ नाही. त्याआधी तीनच वर्षे, १९५४ मध्ये, वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' हे 'मॅकबेथ'चे मराठी रूप प्रसिद्ध झाले होते. या दोन कृती शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. शिरवाडकर कवी होते. शेक्सपिअरच्या काव्याला मराठी काव्याने उत्तर द्यावे, ही त्यांची प्रतिज्ञा. त्यांचे बळ भाषेच्या ऐश्वर्यात आहे. कुरोसावांनी काव्य टाकून दिले आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी ते नोकडे गेले.

त्यांनी नोमधून नेमके काय घेतले? केवळ वेशभूषा नव्हे. पहिली गोष्ट घाट. चित्रपट धुक्यातल्या ओसाड भूमीवर, जेथे एके काळी गड होता त्या स्थळी, वृंदगायनाने सुरू होतो. मग गड दिसू लागतो, कथा घडते, आणि शेवटी पुन्हा तेच धुके, तेच गायन. म्हणजे मॅकबेथची कथा पुढे काय होणार या उत्कंठेने आपल्याला दिसत नाही. जे होऊन गेले आणि ज्याची शांती झाली नाही, त्याचे स्मरण म्हणून दिसते. दुसरी गोष्ट चेटकिणी. शेक्सपिअरच्या तिघींच्या जागी अरण्यात चरखा फिरवीत बसलेली एकच वृद्ध आकृती येते. हे रूप ज्या नो नाटकातून आले आहे त्यात चरखा चालविणारी एकाकी स्त्री वस्तुतः राक्षसी असते. चरखा फिरतो तसे मानवी वासनेचे चक्र फिरत राहते, हा बौद्ध भाव त्या एका चित्रातच येऊन जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : लेडी मॅकबेथ, म्हणजे येथील असाजी. इसुझु यामादा यांनी तिचा चेहरा नोच्या मुखवट्यासारखा निश्चल ठेवला आहे. पती अस्वस्थपणे येरझारा घालतो, घाम पुसतो, ओरडतो. ती बसून असते आणि हलक्या, एकसुरी आवाजात बोलते. पहारेकऱ्यांना गुंगी आणणारे मद्य आणण्यासाठी ती उठते, दाराच्या काळोखात नाहीशी होते आणि हातात पात्र घेऊन त्याच काळोखातून पुन्हा प्रकट होते. ऐकू येते ती केवळ तिच्या वस्त्राची सळसळ. नटाने मन दहा हिश्श्यांनी हलवावे आणि देह सातच हिश्श्यांनी, असे झेआमीचे सांगणे आहे. उरलेले तीन हिस्से प्रेक्षकाच्या मनात हलतात. लेडी मॅकबेथ आपल्या कोमल भावांना निरोप देण्यासाठी दुष्ट शक्तींना आवाहन करते, त्या प्रसिद्ध भाषणाचे काम येथे ही निश्चलता करते. पुढे हात धुण्याच्या प्रसंगी तो मुखवटा फुटतो, तेव्हा आपण हादरतो, कारण इतका वेळ तो टिकून राहिला होता.

या लाभाची किंमतही मोजावी लागली आहे. मॅकबेथच्या स्वगतांत सदसद्विवेकाचे जे काव्य आहे, पाप करण्यापूर्वीच पापाचे संपूर्ण चित्र पाहू शकणारी त्याची जी कल्पनाशक्ती आहे, तिला कुरोसावांच्या कृतीत स्थान नाही. तोशिरो मिफुने यांचा नायक शूर आहे, भ्यालेला आहे, बाणांच्या वर्षावात त्याचा शेवट भयंकर आहे. पण तो विचार करणारा नाही. आत्मसंवादातून घडणारा पश्चिमेचा शोकान्त नायक आणि कर्माच्या चक्रात सापडलेला नोचा आत्मा, यांत कुरोसावांनी दुसऱ्याची निवड केली. संकराला आपण सहज 'समन्वय' म्हणतो. पण खऱ्या संकरात काहीतरी सोडून द्यावेच लागते. ज्याने काहीच सोडले नाही, त्याने बहुधा काही घेतलेलेही नसते.

५

चित्रपटाला छायालेखकाची साथ असते. रंगमंचावर नटाच्या देहाखेरीज आधार नाही. तादाशी सुझुकी यांनी १९७४ मध्ये तोक्योच्या इवानामी सभागृहात युरिपिडीझचे 'ट्रोजन स्त्रिया' सादर केले. मूळ नाटक ख्रिस्तपूर्व ४१५ चे. ट्रॉय पडले आहे, पुरुष मारले गेले आहेत, आणि स्त्रिया कोणाच्या वाट्याला जाणार याची वाट पाहत आहेत. यात कथानकाला गती अशी नाहीच. दुःखामागून दुःख येते, इतकेच. वास्तववादी रंगभूमीला हे नाटक पेलणे म्हणूनच कठीण जाते. सुझुकींनी त्याची मांडणी अशी केली : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्ये एक निराधार वृद्धा आहे; सर्वस्व गमावलेली ही स्त्री आपल्या मनात ट्रॉयची राणी हेक्यूबा होते आणि तिचे दुःख जगते. कायोको शिराइशी यांनी ही वृद्धा केली, आणि त्यांच्याच देहातून हेक्यूबाबरोबर कॅसँड्राही प्रकट झाली. मागे लहान मुलांचा व प्रवाशांचा रक्षणकर्ता जिझो बोधिसत्त्व प्रयोगभर निश्चल उभा असतो आणि काहीही करीत नाही.

या मांडणीत नोचा घाट ओळखू येतो. सामान्य दिसणारी व्यक्ती पुरातन व्यक्तीत रूपांतरित होते आणि एक जुनी वेदना पुन्हा भोगते. पण नोमध्ये भिक्षूच्या प्रार्थनेने आत्म्याला शांती लाभण्याची आशा असते. येथे ती आशा सुझुकींनी काढून घेतली आहे. युरिपिडीझच्या नाटकाच्या आरंभी देव आपसांत बोलतात आणि ट्रॉयला सोडून निघून जातात. सुझुकींचा देव जात नाही. तो उभा राहतो आणि गप्प राहतो. एका परंपरेतील देवांचे निघून जाणे दुसरीतील देवाच्या मौनाने सांगितले गेले. युद्धात हरलेल्या राष्ट्राच्या प्रेक्षकाला हे मौन काय सांगून गेले असेल, याची कल्पना करता येते.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षणीय होती. नोच्या कांझे घराण्यातील थोर नट हिसाओ कांझे त्यात स्वतः सहभागी झाले होते. १९७८ मध्ये सुझुकींनी युरिपिडीझचेच 'बॅकाइ' केले, तेव्हा त्यातही कांझे होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे नोचे केवळ अनुकरण झाले नाही. सहा शतकांची परंपरा आपल्या देहात वागविणारा नट आणि छोट्या प्रायोगिक रंगमंचावर वाढलेली नटी, यांना एका ग्रीक नाटकाने समोरासमोर आणले. पुढे सुझुकींनी तोयामा प्रांतातील तोगा या डोंगराळ खेड्यात आपले केंद्र नेले आणि नटाच्या शिक्षणाची एक पद्धती सिद्ध केली. तिचा पाया म्हणजे पाऊल : जमिनीवर ठामपणे रोवलेले, आपटलेले, घासत नेलेले पाऊल. ग्रीक वृंद नाचत असे हे आपण पुस्तकांत वाचतो. सुझुकींच्या नटांनी तो वृंद पुन्हा जमिनीवर आणला.

अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आहे की, वृंदाला नटांपैकीच एक मानावे. आधुनिक युरोपीय रंगभूमीला हे वाक्य शतकानुशतके अवघड गेले, कारण तिच्याजवळ जिवंत वृंद उरलाच नव्हता. जपानी रंगकर्मीला वृंद पुस्तकातून शोधावा लागला नाही. तो रोज संध्याकाळी रंगमंचाच्या कडेला बसलेलाच होता.

६

तिसरे नाव युकिओ निनागावा यांचे. १९७८ मध्ये त्यांनी 'मेडीआ' केले ते केवळ पुरुषनटांना घेऊन, शामिसेनच्या गजरात. आणि १९८० मध्ये 'मॅकबेथ'. या 'मॅकबेथ'ची रंगमंचावरील कमान म्हणजे एक प्रचंड बुत्सुदान होते. जपानी घरांत मृत पूर्वजांसाठी जो देव्हारा असतो तो बुत्सुदान. आरंभी दोन वृद्ध स्त्रिया येऊन त्याची दारे उघडतात आणि प्रयोगभर दोन बाजूंस बसून राहतात; खातात, पाहतात, रडतात. आतमध्ये सोळाव्या शतकातील योद्धे, चेरीच्या फुलांचा वर्षाव, आणि साथीला युरोपीय संगीत. १९८५ मध्ये हा प्रयोग एडिंबरा महोत्सवात गेला आणि निनागावांची कीर्ती जगभर झाली.

निनागावांच्या कलेवर एक आक्षेप वारंवार घेतला गेला : ही परदेशी प्रेक्षकांसाठी मांडलेली जपानची चित्रशाळा आहे. आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. परंतु त्याची परीक्षा करण्याची एक साधी रीत आहे. जो संकेत आणला आहे तो मनाने काढून टाकावा आणि नाटकाचे काय होते ते पाहावे. चेरीची फुले काढली, तर डोळ्यांचे सुख कमी होईल. बर्नमचे अरण्य फुलांच्या फांद्यांनी चालत येते हा चमत्कार जाईल. तरी नाटक उभे राहील. पण बुत्सुदान काढले आणि त्या दोन वृद्धा उठवून लावल्या, तर नाटकाचा अर्थच बदलेल. कारण त्या देव्हाऱ्यापुढे बसणारा माणूस परक्या राजांची कथा पाहत नाही, आपल्या घरातील मृतांना भेटतो. मॅकबेथ हा दूरचा दुष्ट न राहता आपल्या कुळातलाच एक माणूस ठरतो, आणि त्याच्यासाठी रडणारे कोणीतरी असते. शेक्सपिअरच्या नाटकात मॅकबेथसाठी कोणीही रडत नाही. निनागावांनी तेथे रडणारी माणसे बसविली.

यावरून एक निकष हाती येतो. संकर सजावटीचा आहे की अर्थाचा, हे उसन्या घटकाच्या सौंदर्यावरून ठरत नाही. मूळ नाटकात एक जागा असते, जी नव्या प्रेक्षकाला रिकामी किंवा बंद वाटते : ट्रॉय सोडून जाणारे देव, चेटकिणींची भाकिते, वृंदाची गाणी. त्या जागी आणलेला संकेत काम करू लागला, तर तो संकर अर्थाचा. जेथे मूळ नाटकाला काही उणे नव्हते तेथे तो केवळ लावून दिला, तर ती सजावट. मुखवटा सुंदर असणे पुरेसे नाही. त्याच्याआड उभ्या असलेल्या माणसाला त्याची गरज असावी लागते.

७

आता आपल्याकडे वळू. जपानी रंगकर्मींजवळ जिवंत परंपरा होती, आपल्याजवळ नव्हती, असे म्हणून या प्रश्नातून सुटका करून घेता येणार नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्यांच्या नाटकात आख्यानाची पदे सूत्रधार गात असे, आणि पात्रे नाचत, आविर्भाव करीत, आयत्या वेळी सुचेल तसे थोडे गद्य बोलत. वाणी एकाची आणि देह दुसऱ्याचा, हे बुनराकुचे तत्त्व मराठी नाटकाच्या जन्मघरातच होते. कोकणच्या दशावतारात, कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगात, तमाशातल्या झीलकऱ्यांच्या साथीत ते निरनिराळ्या रूपांनी नांदत होते. शेक्सपिअर मराठीत आला तो मात्र भावे यांच्या रंगमंचावर नव्हे, महाविद्यालयांतून शिकून निघालेल्या पिढीच्या पुस्तकांतून. त्या पिढीला राक्षसांच्या आरोळ्यांची ती नाटके ओबडधोबड वाटली, आणि तिच्या दृष्टीने ते अगदीच चूक नव्हते. पण ओबडधोबड म्हणून जे टाकले गेले, त्यात एक मौल्यवान संकेतही गेला.

तो परत आला तेव्हा नव्या नाटकांतून आला. १९७२ मध्ये पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. रंगमंचावर ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची ती मानवी भिंत गाते, झुलते, दडवते, उघडे करते. अ‍ॅरिस्टॉटलला अभिप्रेत असलेला, नटांपैकीच एक असलेला वृंद, मराठीला तेथे आपल्याच घरात सापडला. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. ल. देशपांडे यांचा १९७८ चा 'तीन पैशाचा तमाशा' यांनी ब्रेश्टला मराठी लोकनाट्याच्या वाटेने आणले. परंतु ब्रेश्टला तसे आणणे तुलनेने सोपे होते. तो स्वतःच पूर्वेकडून शिकला होता. शेक्सपिअर आणि ग्रीक शोकांतिका यांच्या बाबतीत मराठीची मुख्य भिस्त आजही भाषांतराच्या भाषेवरच राहिली आहे. चर्चा होते ती शब्दाला शब्द बसला की नाही याची. हेक्यूबाचा विलाप कोण म्हणेल, तो कोणत्या लयीत म्हटला जाईल आणि त्या वेळी तिचे पाय काय करतील, हा प्रश्न आपण भाषांतरकाराला विचारीत नाही, आणि समीक्षकही स्वतःला विचारीत नाही.

याहून अधिक बोचणारी गोष्ट दुसरी आहे. सुझुकींच्या ग्रीक नाटकात हिसाओ कांझे स्वतः उभे राहिले. आपल्याकडे दशावताराची चाल, शाहिराचा आवाज, सोंगाड्याचा हजरजबाबीपणा शहरातला नट शिकून घेतो आणि वापरतो. पण ज्याच्या देहात ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे, तो दशावतारी वा शाहीर पाश्चात्त्य अभिजात नाटकाच्या प्रमुख भूमिकेत क्वचितच दिसतो. जोपर्यंत परंपरा हा आपल्याला माल पुरविणारा साठा आहे आणि तिचा धारक हा बरोबरीचा कलावंत नाही, तोपर्यंत आपले संकर बहुतांशी सजावटीचेच राहतील. जपानची उंची केवळ त्याच्या संकेतांच्या प्राचीनतेत नाही. ते संकेत ज्यांनी जपले त्यांनाच नव्या जोखमीत सामील करून घेण्याच्या धैर्यात ती आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन मांडवांकडे परत येऊन हे विवेचन संपवितो. जबलपूरचा मराठी रसिक शुद्ध बोललेल्या संवादाला दाद देतो, आणि रामलीलेच्या मैदानात एकाच्या गळ्यातली चौपाई दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहून गहिवरतो. या दोन्ही वेळी तो एकच माणूस असतो. त्याला दोन्ही भाषा कळतात. त्या एकत्र ऐकण्याची संधी मात्र त्याला अजून मिळालेली नाही. जेव्हा कोणी मराठी भाषांतरकार युरिपिडीझ हाती घेईल, तेव्हा त्याने प्रथम कोश उघडू नये. त्याने एखाद्या रात्री लीलेच्या मैदानात, गाणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसावे. हेक्यूबा मराठीत कशी बोलेल, हे त्याला तेथे कळणार नाही. पण तिच्यासाठी कोण गाईल, हे कळेल.